हिप्परग्यांचा मूळपुरुष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या जुन्या सोबत्यांना नाही — आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या त्या ग्रुपवर तर नाहीच नाही, जिथे रोज सकाळी सगळे हिप्परगे एकमेकांना फुलं आणि सुविचार पाठवतात. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही हिप्परगे नाही. निदान नसावेत. असलात, तर हे वाचून तुमचा एक पूर्वज कमी होईल. त्याला माझा इलाज नाही.

मी अहमदपूरचा, आमचं मूळ गाव औशाकडचं हिप्परगा. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. म्हणजे काय केलं? दुसऱ्यांनी गाजवलेली मैदानं फळ्यावर काढली, बाण दाखवले, आणि तास संपला की पुसून टाकली. वाईट शिकवत नव्हतो. पण बत्तीस वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या असतील तर त्या निरोपाच्या दिवशी, आणि त्यासुद्धा पोरांना लवकर सुट्टी मिळणार म्हणून.

हे मी का सांगतोय? कारण नंतर जे केलं त्याची मुळी इथे आहे, असं मला वाटतं. मुळी म्हणजे सबब नव्हे. सबब माझ्याकडे नाही.

आमच्या भागात आडनाव सांगितलं की दुसरा प्रश्न ठरलेला असतो. हिप्परगे का? मग नांदेडचे हाडांचे डॉक्टर हिप्परगे तुमचे कोण? लातूरचे निवृत्त न्यायाधीश? ते हिप्परगे पैलवान? त्या कीर्तनकार ताई? मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो — कोणी नाही, आडनाव तेवढं सारखं. समोरच्याचा चेहरा जरा उतरायचा, आणि मग तो मला बसायला खुर्ची द्यायची की नाही याचा विचार करायचा. खरं सांगू? चेहरा माझाही उतरायचा.

आणि उत्तर तर खरं होतं. हिप्परगा नावाची गावं आमच्या दोन जिल्ह्यांत एकाहून जास्त आहेत. माणूस पोटापाण्यासाठी गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला ‘हिप्परग्याचा’ म्हणायचे, आणि पोराचं नाव शाळेत घालताना मास्तर ‘हिप्परगे’ लिहून मोकळे व्हायचे. औशाकडच्या हिप्परग्यातून उठलेले तेही हिप्परगे, नांदेडकडच्या हिप्परग्यातून उठलेले तेही हिप्परगे. यांचा त्यांचा काय संबंध? एका नावाच्या दोन बसस्टॉपचा असतो तेवढा.

करोना सरल्यावर लातूरच्या आप्पांनी तो ग्रुप काढला. आप्पा म्हणजे बळवंतराव हिप्परगे, खत-बियाण्याचं दुकान, मोठा आवाज, मोठं मन. माणसांची त्यांना हौस. त्यांनी ठरवलं की सगळ्या हिप्परग्यांचा मेळावा घ्यायचा आणि एक स्मरणिका काढायची — वेगवेगळ्या क्षेत्रांत नाव काढलेले हिप्परगे, प्रत्येकाला एक पान, वर फोटो. लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. रिकामा मास्तर सगळ्यांच्याच डोळ्यांवर येतो.

चार महिने मी एसटीने हिंडलो. फार मजेत गेले ते महिने, हेही कबूल करून टाकतो. डॉक्टरांनी दोन प्लास्टरांच्या मधल्या वेळात मुलाखत दिली. पैलवानांनी मोडलेले कान फोटोत नीट दिसले पाहिजेत म्हणून तीनदा बसायची दिशा बदलली. कीर्तनकार ताईंनी जेवू घातलं, आणि जेवताना इतकं बोलल्या की माझ्या वहीवर आमटी सांडली. अपघात न करता सगळी नोकरी काढलेले एक एसटी ड्रायव्हर होते, त्यांनी मला विचारलं, “सर, अपघात केला न्हाई हे लिवण्यासारखं हाय का? न्हाई केला तर काय दिसंल त्यात?” मला तो माणूस सगळ्यांत आवडला. पान त्यांना अर्धंच दिलं.

माझं पान मात्र कुठेच नव्हतं. कुठल्या क्षेत्रात घालणार होते मला?

अडचण आली ती न्यायाधीशांपाशी. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, ही सगळी मंडळी एकत्र का? आडनाव सोडलं तर यांना बांधणारं काय आहे? ही आवळ्याची मोट आहे, म्हणाले. आप्पा बरोबर होते, ते गाडीत बसल्यावर उसळले. “सर, मूळपुरुष पायजे. मूळपुरुष न्हाई तर मंग आपून काय, टोळी हाव का?”

मी शोधला. अगदी मनापासून शोधला, हे माझ्या बाजूने बोलतं असं समजू नका, उलट बोलतं. आमच्या औशाकडच्या हिप्परग्यांचा एक हेळवी आहे. हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या सांगणारा, कर्नाटकाकडून सुगीनंतर येतो, चोपडी उघडून आजा-पणजाची नावं वाचतो आणि धान्य घेऊन जातो. पूर्वी बैलावर यायचा, आता मोटारसायकलवर. त्याला मी नांदेडकडच्या हिप्परग्यांबद्दल विचारलं. त्याने चोपडी उघडलीसुद्धा नाही. “ते बेरे हायत, सर,” म्हणाला. बेरे म्हणजे कानडीत वेगळे. “त्यांचं गाव बेरे, दैवत बेरे. तुमची तुळजापूरची देवी, त्यांचा माळेगावचा खंडोबा. कवाच एक नव्हतं.”

म्हणजे मला माहीत होतं. लिहायला बसण्याच्या आधीपासून माहीत होतं. हे वाक्य मी गेली काही वर्षं मनातल्या मनात निरनिराळ्या प्रकारे म्हणून पाहिलंय — मला शंका होती, मला नक्की कळलं नव्हतं, पुरावा अपुरा होता. नाही. मला माहीत होतं.

आणि मी येसाजी जन्माला घातला.

येसाजी हिप्परगे, औशाच्या किल्ल्यावरचा शिलेदार. सोपं होतं हो. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे शिलेदार शिकवले होते, एक आपला करायला कितीसा वेळ लागतो? दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत तो तयार झाला. त्याला दोन मुलगे दिले. थोरला औशाकडे राहिला, ती थोरली पाती. धाकटा भांडून निघाला, मांजरा ओलांडली, गोदावरी ओलांडली, नांदेडकडे वसला, ती धाकटी पाती. त्याने नव्या वस्तीला जुन्या गावाचंच नाव दिलं, म्हणून दोन हिप्परगे. राहता राहिला दैवतांचा घोळ. तिथे मी जरा थांबलो, आणि मग ते वाक्य सुचलं — ‘वाटेत माळेगावी मुक्काम असता धाकट्यास खंडोबाचा दृष्टांत झाला, तेव्हापासून धाकट्या पातीने कुलस्वामी म्हणून खंडोबास मानिले.’

काय वाक्य होतं! मी उठून ते बायकोला वाचून दाखवलं. मोडी लिपीतला कागद हैदराबादच्या एका खासगी संग्रहात पाहिला, अशी तळटीप दिली. हैदराबादला मी आयुष्यात एकदा गेलोय, मेहुण्याच्या लग्नाला.

स्मरणिकेत मग माझंही पान आलं. ‘इतिहास संशोधक.’ फोटो मीच निवडला.

लातूरच्या मंगल कार्यालयात मेळावा झाला. व्यासपीठावर डॉक्टर, न्यायाधीश, पैलवान, ताई, असे सगळे फेटे बांधून बसले होते, आणि त्या रांगेत, न्यायाधीशांच्या शेजारी, मी. येसाजीची हकिकत मी वाचली. वाचून झाल्यावर टाळ्या थांबेनात. मग हदगाव तालुक्यातून आलेले किसनराव हिप्परगे नावाचे म्हातारे उठले, नांदेडकडच्या शाखेतले सगळ्यांत वडील. ते पलीकडच्या रांगेत गेले आणि औशाकडच्या एका म्हाताऱ्याच्या गळ्यात पडले. “एवढी वर्षं एकमेकाला वळखलं न्हाई आपण,” म्हणून रडले. बायका डोळे पुसत होत्या. न्यायाधीशांनी माझा हात हातात घेतला.

त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत. मी खोटं कशाला बोलू? बरं वाटलं. फार बरं वाटलं. कुणाचं काय बिघडलं, असंही वाटलं. माणसं जवळ आली, त्यात वाईट काय?

इथपर्यंतचं मी कधी ना कधी कुणाला हसत हसत सांगितलंही असतं. हौशी माणसाची थाप, एवढंच ते राहिलं असतं. पुढचं तसं नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, भावकीत सोयरीक होत नाही. मूळपुरुष एक म्हणजे रक्त एक, आणि एका पिढीतले सगळे एकमेकांचे भाऊ-बहीण. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. पण मी माझ्या पानाकडे पाहत होतो, आणि त्या पानापलीकडे जिवंत, लग्नाच्या वयाची माणसं आहेत हे डोक्यातच आलं नाही.

मेळाव्यानंतर तीन आठवड्यांनी एक मुलगी माझ्या घरी आली. वैशाली हिप्परगे. किसनरावांची नात, हदगाव तालुक्यात तलाठी. सकाळची बस धरून नांदेड, तिथून दुसरी बस अहमदपूर. रुमालाने तोंड पुसत ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मी धाकट्या पातीची,” आणि किंचित हसली. ते हसू मला तेव्हा समजलं नाही.

तिचं लग्न ठरलं होतं. औशाकडच्या अनिल हिप्परगेशी. तो लातूरला आयटीआयमध्ये शिकवायचा. तिच्या मामांनी स्थळ आणलं, दोघांनी एकमेकांना पाहिलं, मग वर्षभर फोनवर बोलले. आडनाव एक म्हणून सुरुवातीला घरात खळखळ झाली होती, पण किसनरावांनीच निकाल दिला होता — गाव वेगळं, दैवत वेगळं, हरकत नाही. लग्नानंतर आधारकार्ड बदलायचा ताप वाचला, अशी थट्टाही झाली म्हणे. तिथी काढायची तेवढी राहिली होती. आणि मेळाव्याहून परत आल्यावर किसनरावांनी स्मरणिका देवघरात ठेवली आणि सांगितलं, हे लग्न होणार नाही. पोरगा भाऊ लागतो.

हे सगळं तिने कसं सांगितलं असेल? रडून? नाही. चौकशीचा अहवाल द्यावा तसं, एकेक मुद्दा. तलाठी होती ती. मग पिशवीतून स्मरणिका काढली, माझ्या तळटिपेखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

“सर, हा कागद कोणाकडं हाय? नक्कल मिळंल का मला?”

मी म्हणालो, खासगी संग्रह आहे, मालक कुणाला दाखवत नाहीत.

“तुमी सोता पाह्यला?”

पाहिला म्हणालो.

“हेळवी काय म्हणतेत? आमच्याकडं हेळवी येत न्हाई. तुमच्याकडं येतेत ना?”

हेळव्याला एवढं जुनं कुठलं ठाऊक, म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

माझ्या बायकोने चहा आणला होता, तो तिने घेतला, कप खाली ठेवला, आणि मग जे बोलली ते मी शब्दाला शब्द सांगू शकतो. “सर, कागद खोटा हाय असं मी म्हणून न्हाई राहिले. एवढंच म्हणते, की खंडोबाची जी ओळ हाय ना, ती पक्की न्हाई, असं तुमी एका चिठ्ठीवर लिहून द्या. पक्की न्हाई, बस. आजोबा तुमचं ऐकतेत. तुमी सोडून कोणाचं ऐकत न्हाईत आता.”

एक ओळ. तीही संपूर्ण कबुली नव्हे. पळवाट ठेवलेली, माझी अब्रू सांभाळलेली, ‘पक्की नाही’ एवढीच. इतिहासाच्या कुठल्याही मास्तराला ते लिहिता आलं असतं, खरं बोलणाऱ्या मास्तराला तर रोज लिहावं लागतं. माझ्या खिशाला पेन होतं.

मी काय केलं? मी तिच्याकडे पाहून, शाळेत पाहायचो तसं पाहून, म्हणालो, “बाळ, आपल्या सोयीसाठी इतिहास बदलता येत नाही.”

हे मी म्हणालो. मी!

का म्हणालो, ते पुष्कळदा शोधलंय. पुढच्या महिन्यात न्यायाधीशांनी लातूरला माझं व्याख्यान ठेवलं होतं, येसाजीवर. डॉक्टर मला फोनवर ‘संशोधक साहेब’ म्हणू लागले होते. ती चिठ्ठी बाहेर आली असती की कुणीतरी विचारलंच असतं, ही ओळ पक्की नाही तर बाकीच्या कुठल्या पक्क्या आहेत? मग मी पुन्हा कोणी नाही झालो असतो, आडनाव तेवढं सारखं असलेला. मला लाज वाटली असती. एवढंच कारण आहे. एका बाजूला दोन माणसांचं आयुष्य आणि दुसऱ्या बाजूला मला वाटणारी लाज — आणि मला फार वेळ विचारही करावा लागला नाही.

ती उठली, वाकून मला नमस्कार केला, बायकोला केला, आणि बसस्टँडचा रस्ता विचारून गेली. रस्ता तिला माहीत होता, येताना त्याच रस्त्याने आली होती. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं असावं.

ती गेल्यावर बायको कप विसळत म्हणाली, “तो कागद कुठशीक हाय हो? मी तर रोज घर झाडते.” मी सांगितलं, हैदराबादला. “असं,” म्हणाली, आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही. तिला काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही. आमच्या संसारात अशी एक-दोन गाठोडी न सोडता ठेवलेली आहेत, त्यातलं हे एक.

त्या वर्षी सुगीनंतर हेळवी आला तेव्हा मी आतल्या खोलीत बसून राहिलो आणि सर गावाला गेलेत असं सांगायला लावलं. तो धान्य घेऊन, सगळ्यांचं बरं चिंतून गेला.

लग्न मोडलं. पण तेवढ्यावर मिटलं नाही. वैशाली आणि अनिल फोनवर बोलतात, नांदेडच्या बसस्टँडवर दोघांना कुणीतरी पाहिलं, अशी कुजबुज ग्रुपबाहेरच्या ग्रुपांवर सुरू झाली. किसनरावांनी जेवण सोडलं. औशाकडे अनिलच्या आईला बायका तोंडावर विचारू लागल्या. भावा-बहिणीचं हे असलं, म्हणजे घराण्याला काय म्हणावं? ज्या घराण्याचं वय त्या वेळी पुरतं एक वर्षही नव्हतं, त्याच्या अब्रूची काळजी दोन जिल्हे करत होते.

तोड आप्पांनी काढली. वाईट हेतूने नाही, आप्पांच्या अंगात वाईट नाही. दुसरा मेळावा नांदेडला, दिवाळीनंतर लगेच होता. त्यात भाऊबीज घ्यायची. धाकट्या पातीच्या मुलींनी थोरल्या पातीच्या मुलांना ओवाळायचं. दहा-बारा जोड्या, त्यात ही एक. सगळ्यांसमोर एकदा ओवाळलं की लोकांची तोंडं बंद, आणि पोरांच्याही डोक्यातून जाईल. अनिलला त्याच्या आईने शपथ घातली. वैशालीला कुणी शपथ घातली नाही. तिच्यासमोर किसनराव ताट बाजूला सारून बसायचे, तेवढं पुरलं.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

नावांची यादी माझ्या हातात होती. कागदावर सातवी जोडी त्यांची होती. सहावी जोडी ओवाळून होत असताना मी काय विचार करत होतो? मला आठवतं, कारण मी तेव्हाही स्वतःकडे लांबून पाहत होतो. मी विचार करत होतो की यादीतली एक ओळ नजरेतून सुटू शकते. माझं वय झालंय, चष्मा आहे, मंडपात गडबड आहे. सातवं सोडून आठवं वाचलं तर कोण काय म्हणणार? निदान तेवढं तरी. अहमदपूरला एक ओळ लिहायची होती, इथे तर एक ओळ नुसती गाळायची होती.

मी माईकवर वाचलं — “थोरल्या पातीचे चिरंजीव अनिल यांना औक्षण करतील धाकट्या पातीच्या भगिनी, कुमारी वैशाली.”

भगिनी हा शब्द यादीत नव्हता. तो मी घातला. वाक्याचा तोल सांभाळायला बरा वाटला म्हणून.

अनिल पाटावर बसला, मान खाली. वैशालीने तबक घेतलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं. नियमाप्रमाणे सगळं, काही राहिलं नाही, घाईही केली नाही. अनिलने तबकात साडीचं पाकीट ठेवलं. ठेवताना त्याचा हात तबकाच्या कडेला टेकला आणि तिथेच राहिला, जरा जास्त वेळ, इतकंच. मग त्याने तो काढून घेतला. मंडपात टाळ्या झाल्या. वैशालीने तबक खाली ठेवलं आणि वर पाहिलं. अनिलकडे नाही, किसनरावांकडे नाही. माईककडे.

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर मी तो आजपर्यंत सबब म्हणून पुरवून वापरला असता. ती नुसती पाहत होती, फेरफाराची नोंद तपासताना पाहत असेल तशी. आणि मला त्या क्षणी लख्ख कळलं की तिला माहीत आहे. ओट्यावर आली तेव्हाच तिला माहीत असणार. कागद नाही, येसाजी नाही, काही नाही, हे तिने त्या पेन्सिलीच्या रेघेबरोबरच ओळखलेलं असणार. तरी तिने मला खोटारडा म्हटलं नाही. ‘पक्की नाही’ एवढंच लिहून मागितलं. माझी लाज राखून स्वतःचा संसार वाचवायला निघाली होती पोरगी.

मी आठवं नाव वाचलं.

अनिलचं लग्न पुढच्या वर्षी झालं, उदगीरकडची मुलगी. मी पत्रिकेत आशीर्वाद देणाऱ्यांत आहे. किसनराव शांतपणे गेले, शेवटपर्यंत स्मरणिका देवघरात होती. वैशालीसाठी स्थळं आली, ती नाही म्हणत गेली, आता येत नाहीत. नोकरीत मात्र नाव काढलं. महसूल सर्कलमध्ये तिच्या कामाची उदाहरणं देतात. म्हाताऱ्या बायकांच्या वारसनोंदी ती त्यांच्या घरी जाऊन करून देते म्हणे.

येसाजीचं काय झालं? त्याचं बरं चाललंय. आप्पांनी त्याचं एक चित्रही काढून घेतलंय, भाल्यासकट. आता तो माझ्याशिवायही जगेल.

वैशाली आणि अनिल एकमेकांचे कोणीही लागत नव्हते. हे दोन जिल्ह्यांत एका माणसाला पक्कं माहीत होतं, आणि माईक त्याच्याच हातात होता.

स्मरणिकेची नवी आवृत्ती निघते आहे. या वेळी महसूल क्षेत्रातून वैशालीचं पान घ्यायचं ठरलं. सगळ्यांना पाठवतो तसा मी तिलाही छापील फॉर्म पाठवला. तो मागच्या आठवड्यात टपालाने आला. फोटो, शिक्षण, नोकरी, पुरस्कार, सगळं सुबक अक्षरात. फॉर्ममध्ये एक रकाना आहे — पाती : थोरली की धाकटी. तो मीच पहिल्या आवृत्तीनंतर घातला होता. तो तिने मोकळा सोडला आहे. चुकून नाही, तलाठी माणसाचा रकाना चुकून सुटत नाही.

काल दुपारी मी पेन घेतलं, तिथे ‘धाकटी’ असं लिहिलं, आणि फॉर्म छपाईला देऊन आलो.